ख्रिस्ती शेजारधर्म

ख्रिस्ती शेजारधर्म : बायबलला आचरणाचा आधार मानून दुसऱ्या माणसाच्या सुखदुःखाची जबाबदारी स्वीकारण्याची ख्रिस्ती धर्मातील शिकवण आणि तिच्यातून उभी राहिलेली सेवेची परंपरा. देवावरचे प्रेम आणि शेजाऱ्यावरचे प्रेम एकमेकांपासून वेगळे करता येत नाही, हे या शिकवणीचे सार आहे. मराठी प्रदेशात ती एकोणिसाव्या शतकापासून संस्थांच्या रूपाने ठळकपणे दिसू लागली. जालन्याजवळचे बेथेल, केडगावचे मुक्ती मिशन, मिरजेचे मिशन रुग्णालय आणि जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प ही तिची महत्त्वाची उदाहरणे होत. गरजवंताला आश्रय देण्यापासून सुरू झालेली ही परंपरा पुढे त्याच्याच हाती कारभार सोपवण्यापर्यंत पोचली. तिचे खरे मोल या वाटचालीत आहे.

बायबलमधील आधार : उत्पत्तीच्या पुस्तकात काइन आपल्या भावाचा खून करतो आणि भाऊ कुठे आहे असे देवाने विचारल्यावर त्याची जबाबदारी झटकतो. ही झटकलेली जबाबदारी पुढच्या ग्रंथांत नियमांच्या रूपाने माणसावर परत येते. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेताच्या कडेचे पीक आणि गळालेले दाणे गरिबांसाठी सोडण्याचे, मजुराची मजुरी त्याच दिवशी देण्याचे, विधवा, अनाथ आणि परका यांच्यावर अन्याय न करण्याचे नियम आहेत. आमोस आणि यशया हे संदेष्टे न्यायाशिवाय केलेली उपासना व उपास व्यर्थ ठरवतात. यहेज्केल पहारेकऱ्याची जबाबदारी सांगतो : धोका दिसत असूनही जो इशारा देत नाही, तो दोषी ठरतो.

नव्या करारात या शिकवणीला येशूच्या दाखल्यांमुळे नेमके रूप मिळते. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटला गेलेला माणूस रस्त्यावर पडलेला असतो. याजक आणि लेवी त्याला टाळून पुढे जातात. यहूदी ज्यांना हलके लेखत अशा शोमरोनी लोकांपैकी एकजण मात्र त्याच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाची हमी घेतो. मत्तयच्या २५व्या अध्यायातील न्यायाच्या चित्रात भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि कैदी या सहांची सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. प्रेषितांच्या कृत्यांत विधवांच्या रोजच्या वाटपात भेदभाव झाल्याची तक्रार येताच त्या कामासाठी सात जण नेमले जातात. मंडळीच्या संघटित सेवाकार्याचा उगम सहसा या घटनेत पाहिला जातो.

आचरणाची सूत्रे : या आधारांतून काही सर्वमान्य सूत्रे निघतात. पहिले, मदत ही तारणाची किंमत नसून मिळालेल्या कृपेला दिलेला प्रतिसाद आहे. तरीही याकोबाच्या पत्राप्रमाणे कृतीवाचून विश्वास निर्जीव असतो. दुसरे, गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहण्याचा आणि प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहण्याचा असे दोन्ही उपदेश जवळजवळ आहेत. त्यामुळे मदतीने समोरच्याचे स्वावलंबन संपता कामा नये. तिसरे, पौल रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिताना आपल्या स्वातंत्र्याला दुसऱ्याच्या विवेकाची मर्यादा घालतो. स्वतःला निषिद्ध नसलेली गोष्टही दुर्बल भावाला अडखळण ठरत असेल तर टाळावी, असे तो सांगतो. चौथे, चुकणाऱ्याला आधी एकांतात समजवावे, मग साक्षीदारांसमोर, आणि शेवटी मंडळीपुढे बोलावे, असा क्रम मत्तयच्या १८व्या अध्यायात आहे. म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी घेण्यात त्याच्या अब्रूचे रक्षणही येते.

मराठी प्रदेशातील आरंभ : वसई आणि कोकणपट्टीत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक समाज आहे. देशावर ख्रिस्ती कार्याचा विस्तार झाला तो १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी मुंबईत आल्यानंतर. या मिशनचे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. त्याआधीच बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला होता. मिशनच्या शाळा, विशेषतः मुलींच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या शाळा, हा सेवेचा पहिला मोठा मार्ग ठरला. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मात्र धर्मांतराच्या सीमेपलीकडे या कार्याचा परिणाम कसा होत गेला, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

मराठवाडा आणि बेथेल : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना आणि तिथून परतूर, सेलू, वालूर या बाजूने परभणीकडे जाणारा मुलूख ब्रिटिश अमलाखालील मराठी प्रदेशापासून राजकीयदृष्ट्या वेगळा होता. या भागातील ख्रिस्ती सेवेचा पाया रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी घातला. देशस्थ ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायण यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. समाजसुधारक बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाला परत घेण्याची बाजू मांडली. धर्म बदलणाऱ्या तरुणाला आणि त्याच्या कुटुंबाला तेव्हा किती मोठी सामाजिक किंमत मोजावी लागे, याची या प्रकरणाने कल्पना येते.

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक म्हणून शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालना हे कार्यक्षेत्र निवडले. दिवाण सालारजंग यांच्या काळात संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे प्रामुख्याने मांग समाजातील कुटुंबे राहू लागली. गावगाड्यात हक्काची जमीन आणि मान नसलेल्या माणसांना शेती, शाळा आणि प्रार्थनामंदिर असलेली स्वतःची वस्ती मिळाली. ब्राह्मण घरातला माणूस मांगांच्या सोबतीने राहतो, जेवतो आणि त्यांना गुरुजी म्हणून शिकवतो, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती. शेषाद्री यांचे १८९१ मध्ये निधन झाले. बेथेलची एक मर्यादाही नोंदवायला हवी : वेगळे ख्रिस्ती गाव वसवल्याने जुलमापासून सुटका झाली, पण मूळ गावातली जातिव्यवस्था तशीच राहिली.

दुष्काळ आणि केडगाव : १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनी शेजारधर्माची कसोटी पाहिली. त्यातले सर्वांत मोठे काम पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना भुकेचा अर्थ स्वानुभवाने माहीत होता. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा आणल्या, तर पुढच्या दुष्काळात गुजरातेतून. दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

मुक्तीचे वैशिष्ट्य केवळ आश्रयात नव्हते. शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई अशी सारी कामे स्त्रियाच करत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते आणि अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. या कामात रमाबाईंची कन्या मनोरमा यांचा मोठा वाटा होता. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी आबाळ रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली आणि सरकारचा रोष पत्करला. सामान्य स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल असावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. केडगावच्याच छापखान्यात मुक्तीच्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. पोटाची भूक भागवणे आणि ग्रंथ स्वतः वाचण्याची पात्रता देणे ही दोन्ही कामे त्यांच्या लेखी एकाच जबाबदारीची अंगे होती.

टिळकांचा विचार : कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती सेवा परदेशी पैशावर आणि परदेशी अधिकाऱ्यांवर विसंबून राहू नये, असे त्यांचे मत होते. भजन आणि कीर्तन या मराठी माणसाच्या ओळखीच्या माध्यमांतून त्यांनी उपासनेला देशी रूप दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तो सारखाच खुला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये अनाथ मुलांना घरात सामावून घेणारा टिळकांचा संसार दिसतो. संस्थेच्या अहवालात न मावणारा घरगुती शेजारधर्म समजून घेण्यासाठी हा ग्रंथ मोलाचा आहे.

रुग्णसेवा : अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी हे रुग्णालय दूरवर नावाजले. तिथे वैद्यकीय शिक्षण दिले जाऊ लागले आणि कुष्ठरुग्णांच्या सेवेचेही काम वाढले. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णाला स्पर्श करून बरे करणे हे येशूच्या चरित्राचे प्रत्यक्ष अनुकरण मानले गेले. नगर जिल्ह्यातील वडाळा, वाई आणि जालना येथील मिशन रुग्णालयांनीही ग्रामीण रुग्णांना आधार दिला.

जामखेडचा प्रयोग : शेजारधर्माचे सर्वांत परिपक्व आधुनिक रूप जामखेड येथे दिसते. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि आयुष्य खेड्यातील वंचितांना देण्याचा निश्चय केला. वडाळ्याच्या रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरे होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो, कारण त्याचे मूळ घाण पाणी, भूक आणि जातिभेद यांत असते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले. १९७० मध्ये त्यांनी मराठवाड्याच्या सीमेवरील दुष्काळी जामखेडमध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक स्त्री आरोग्यसेविका म्हणून निवडावी, असे ठरले. यांतल्या अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. बाळंतपण, अतिसार, लसीकरण आणि पोषण यांचे ज्ञान त्यांनी घरोघर नेले. त्यांच्या जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्याच्या विंधनविहिरी दलित वस्तीत घेण्याची काळजी घेतली गेली. त्यामुळे सवर्णांनाही पाण्यासाठी तिथे यावे लागले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर पुढील दोन दशकांत तिसाच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये या अनुभवाची दखल घेतली आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत मांडलेल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला अशा प्रयोगांचा आधार मिळाला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने उपचार करून घेणाऱ्याला उपचार करणारा बनवले. गलतीकरांस पत्रातील दोन उपदेशांची अशी सांगड क्वचितच घातली गेली आहे.

सार्वजनिक जीवन : शेजारधर्माची कक्षा पुढे निसर्ग आणि नागरी हक्क यांच्यापर्यंत विस्तारली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून भूमाफिया आणि पाण्याचा बेसुमार उपसा यांविरुद्ध आंदोलन उभारले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आक्षेप आणि मर्यादा : सेवेच्या आडून धर्मांतर होते, हा या परंपरेवरचा सर्वांत जुना आक्षेप आहे. शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनरी कार्यावर कठोर टीका केली. हा अहवाल एकांगी असल्याचे ख्रिस्ती संस्थांचे म्हणणे होते. भारतीय संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. भुकेल्याच्या असहायतेचा लाभ घेऊन मिळवलेला होकार बायबलच्या कसोटीलाही उतरत नाही, कारण चांगला शोमरोनी जखमी माणसाकडून काहीच मागत नाही. जामखेडमध्ये मदतीला धर्माची अट नव्हती.

दुसरा प्रश्न मंडळीच्या आतला आहे. मराठवाडा आणि नगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती दलित पार्श्वभूमीचे असून विवाह आणि प्रतिष्ठा यांत जुने भेद काही प्रमाणात टिकून आहेत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या सवलती १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मात्र मिळालेल्या नाहीत.

सद्यस्थिती : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अनेक मिशन संस्थांचा कारभार भारतीय नेतृत्वाकडे आला. १९७७ मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. परदेशी निधी आटल्यामुळे जुन्या रुग्णालयांना आणि वसतिगृहांना आर्थिक ओढाताण सोसावी लागते, तर शासकीय आरोग्यसेवा आणि शाळा वाढल्याने त्यांची पूर्वीची एकमेव सोय ही भूमिका उरलेली नाही. केडगावचे मुक्ती मिशन आणि जामखेडचा प्रकल्प मात्र कार्यरत आहेत. जामखेड येथे देशविदेशांतील आरोग्य कार्यकर्ते प्रशिक्षणासाठी येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये गावांतल्या आरोग्यसेविकाही असतात.