भोंगा आणि तिसरी घंटा

परप्रांतात वाढलेल्या आमच्या मुलांनी एकदा विचारले, "मुंबईत जुन्या गिरण्यांत नाटके होतात म्हणे. ती कशी?" त्याचे उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने लिहून ठेवीत आहोत.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी १८५४ साली केली. पुढे कोकणातून व घाटावरून माणसे येत राहिली आणि लालबाग-परळचे गिरणगाव झाले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांनी कलेसाठी मात्र जागा काढली. चाळीत भजन, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा आणि परळला १९२२ साली उभ्या राहिलेल्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके! गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी सांभाळलेले अनाथ मूल पुढे कवी नारायण सुर्वे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले.

आमचे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. एकेक भोंगा मुका होत गेला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासास खुल्या केल्या. २००१ च्या दुरुस्तीने त्यांतील लोकांसाठी राखावयाचा वाटा आक्रसला.

बहुतेक गिरण्या भुईसपाट झाल्या. थोड्या इमारती वाचल्या. मथुरादास मिलच्या आवारातील गोदामात २००७ ते २०१६ पर्यंत 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह चालले. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारातील गोदामात 'जी-फाईव्ह-ए' संस्थेने रंगमंच उभारला. यंत्रांसाठी व मालासाठी बांधलेले उंच छत आणि प्रशस्त जागा कलावंतांना आयतीच लाभली.

अशाच एका जागी आम्ही वृद्ध वडिलांना नाटकास नेले. तिसऱ्या घंटेपूर्वी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही आत नि नाटक बाहेर. पाडली नाही, हे बरं केलं."

वास्तू वाचली, याचा आम्हांसही आनंदच आहे. परंतु गिरणगावात कला नव्याने अवतरली, असे कोणी म्हणू नये. ती तेथे होतीच. दिवसपाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून ती रात्री रंगमंचावर उभी राहत असे. आमच्या मुलांनी तेथे जावे, टाळ्या वाजवाव्यात आणि निघताना एकवार त्या छताकडे पाहावे.