फसील, देवडी आणि फाटक : हैदराबादच्या वस्त्यांतील बंदिस्तपणाचा एक आढावा

उर्दूतील 'ड्योढी' आणि मराठीतील 'देवडी' हा मुळात एकच शब्द होय. मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजाशेजारी पहारेकरी बसण्याची जागा. हैदराबादेत मात्र अमीर-उमरावांचा संपूर्ण वाडा, त्यातील महाल, अंगणे, तबेले आणि नोकरांची घरे या सर्वांना मिळून देवडी म्हटले गेले. पहाऱ्याच्या जागेने साऱ्या घराला आपले नाव दिले, ही बाब भाषेच्या अभ्यासकाला जितकी रंजक वाटते तितकीच ती शहराच्या इतिहासाच्या दृष्टीनेही सूचक आहे. आज गच्चीबावली, कोंडापूर, नल्लागंडला या पश्चिमेकडील भागांत 'गेटेड कम्युनिटी' या नावाने वसाहती उभ्या आहेत. त्यांच्याही नावात फाटक आधी येते आणि माणसे नंतर.

मुहम्मद कुली कुतुबशाहने 1591 साली हैदराबाद वसविले तेव्हा शहराला तट नव्हता. चारमिनारच्या उत्तरेस चार कमानी उभारल्या गेल्या, पण त्या शोभेच्या व मिरवणुकीच्या. तटबंदीचे, म्हणजे फसीलचे, काम अठराव्या शतकात मुघल सुभेदार मुबारिजखान याने हाती घेतले. 1724 साली आजच्या बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथील लढाईत तो मारला गेला आणि अर्धवट राहिलेले काम निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या काळात पूर्ण झाले. सुमारे सहा मैल घेराच्या या तटाला मोठे दरवाजे होते, तसेच 'खिडकी' म्हणून ओळखली जाणारी लहान दारेही होती. रात्री दरवाजे बंद होत. एकोणिसाव्या शतकात बराच काळ युरोपीय पाहुण्यांना दिवाणाच्या परवानगीशिवाय आत प्रवेश नसे.

मात्र दरवाजा बंद झाला की त्याच्या आत सबंध शहर असे. सरदार, कारकून, अत्तरवाले, विणकर, भिश्ती हे सर्व एकाच तटाच्या आत राहत. देवडीच्या भोवती तिच्यावर पोट असणाऱ्यांची वस्ती वाढत असे. तटाला लागून असलेल्या दबीरपुरा, याकुतपुरा या महल्ल्यांची नावे तटाच्या दरवाजांनाही होती. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. देवड्यांच्या दारांवर अरब व रोहिले शिपाई शस्त्रे घेऊन उभे असत, त्यांच्यात चकमकी होत आणि सामान्य माणसाला त्याचा त्रास होई. परंतु श्रीमंताचे दार आणि गरिबाचे दार एकाच गल्लीत उघडत होते, आणि ती गल्ली कोणाच्या मालकीची नव्हती.

आता मालमत्तेच्या किमतीचा प्रश्न. भिंतीमुळे जागेची किंमत टिकते असा समज सर्वत्र आढळतो. हैदराबादचा अनुभव वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुसी नदीच्या पलीकडे, तटाबाहेर, ब्रिटिश रेसिडेन्सीची इमारत उभी राहिली. तिच्या भोवतालच्या बाजारांवर निजामाचा नव्हे, तर रेसिडेंटचा अंमल असे. 1933 साली हे बाजार निजाम सरकारला परत मिळाले. तोपर्यंत अनेक सावकारांनी तेथे पेढ्या थाटल्या होत्या, कारण दरबारी कर्जवसुलीच्या भांडणात तेथे त्यांना संरक्षण मिळे. बेगम बाजारही तटाबाहेरच वाढला. मराठी भाषकांच्या विवेकवर्धिनी आणि मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्थाही याच कोठी-सुलतान बाजार परिसरात वाढल्या, ही गोष्ट आपल्या वाचकांस परिचित आहेच. भांडवल, शाळा आणि नवा मध्यमवर्ग तटाबाहेर गेला तेव्हा तट शाबूत होता. भिंत जागेवर होती, पण मागणी हलली होती.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला आलेल्या महापुरात सुमारे 15,000 माणसे दगावल्याचे सांगितले जाते. या पुरात तटाचेही मोठे नुकसान झाले. 1912 साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि पुढे रस्ते रुंद करताना उरलेले बरेचसे दरवाजे नाहीसे झाले. आज पुराना पूल आणि दबीरपुरा हे दोनच दरवाजे शिल्लक आहेत. लाल दरवाजा, फतेह दरवाजा ही नावे तेवढी महल्ल्यांच्या रूपाने जिवंत आहेत.

1998 साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि शहराचा गुरुत्वमध्य माधापूरकडे सरकला. त्यानंतरच्या वसाहतींना फाटक आहे, परंतु त्यामागील कारण जुन्या फसीलसारखे नाही. येथील घराच्या किमतीत सुरक्षा, पाणी, जनित्र, क्लब आणि बाग यांचा समावेश असतो. नगरपालिकेने पुरवायच्या सेवा घरमालक मिळून विकत घेतात आणि चौरस फुटाच्या हिशोबाने दरमहा देखभाल शुल्क भरतात. जेथे नळाचे पाणी पोहोचलेले नाही तेथे दुसरा पर्याय तरी कोणता, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण या किमतीचा एक भाग भिंतीबाहेरचे लोक भरतात, आणि त्याची नोंद कोणत्याही खरेदीखतात होत नाही. लांबच लांब भिंतीच्या कडेला दुकान चालत नाही, वर्दळ राहत नाही. पलीकडच्या वस्तीतील मुलाला शाळेसाठी वळसा पडतो. घरकाम करणारी बाई दररोज फाटकावर ओळखपत्र दाखवून आत जाते. जुन्या देवडीची मोलकरीण देवडीच्या सावलीतच राहत असे. ही बाई मात्र संध्याकाळी दूर कोठेतरी परत जाते.

कायद्याने ही बाब ओळखलेली आहे. 2012 सालच्या बांधकाम नियमांत समूह-वसाहतीने आपल्या जागेतून, एका कडेने, 9 मीटर रुंदीचा सार्वजनिक रस्ता आतील जमिनींसाठी द्यावा अशी तरतूद आहे. ती कागदावर राहिली की काय होते, हे घटकेसरजवळच्या पोचारम येथे दिसून आले. तेथील दिव्यानगर लेआउटभोवती बांधलेल्या भिंतीमुळे आसपासच्या वसाहतींचे मार्ग अडले होते. जुलै 2024 मध्ये स्थापन झालेल्या 'हैड्रा' या यंत्रणेने जानेवारी 2025 मध्ये ती पाडली. सिकंदराबाद छावणीतील रस्ते बंद करण्याचा वादही याच जातीचा आहे. मे 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशभरातील छावण्यांतील बंद रस्ते खुले करण्याचा आदेश दिला, तरी तेथील काही रस्त्यांचा प्रश्न त्यानंतरही धुमसत राहिला.

महापुरानंतर लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली 1912 ते 1915 या काळात शहराचे तपशीलवार नकाशे तयार करण्यात आले. कोणती गल्ली कोठून कोठे जात होती, हे त्यांवरून समजते. आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखादा महल्ला निवडून हे नकाशे हाती घ्यावेत आणि त्यांतील किती गल्ल्यांतून आजही पलीकडे निघता येते, हे पायी फिरून नोंदवावे.