पत, हुंडी आणि जरीपटका

मराठेशाहीच्या निशाणाचे नाव मिरविणारी नागपुरातील जरीपटका ही वस्ती आज ओळखली जाते ती तिथल्या सिंधी व्यापाऱ्यांमुळे. १९४७च्या फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांनी येथे घरे आणि दुकाने उभारली. जागतिक बाजारातील उलथापालथ समजून घेताना येथून आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

सिंधमधील शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एकोणिसाव्या शतकात बुखाऱ्यापर्यंत चालत. हुंडी म्हणजे कागदावर उतरलेला विश्वास. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर मध्य आशियातील हा व्यवहार बुडाला. कागद आणि अक्षर तेच राहिले. त्यांना आधार देणारी व्यवस्था उरली नाही.

विदर्भाचा अनुभव याहून जुना आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत त्या पैशावर सट्टा फोफावला. प्रेमचंद रायचंद हे त्याचे अग्रणी. १८६५च्या वसंतात युद्ध संपले आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस अनेक पेढ्यांच्या दिवाळखोरीचा ठरला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला.

शेअरचा कागद कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याच्याही कापसाचा भाव पडला. तेजीत मिळालेले कर्ज मात्र मंदीत कमी झाले नाही. त्यात दख्खनमध्ये वाढीव सारा आला, सावकारांनी हात आखडता घेतला. मे १८७५मध्ये सुपे येथे पेटलेल्या उठावात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. मुंबईत ज्या कागदाने माणसे रातोरात श्रीमंत झाली, त्याच जातीच्या कागदाची येथे होळी झाली.

१८६५च्या पडझडीत जमशेटजी टाटांच्या वडिलांच्या पेढीलाही धक्का बसला होता. पुढे १८७७मध्ये जमशेटजींनी एम्प्रेस मिल उभारली ती मुंबईत नव्हे, तर कापूस पिकतो त्या प्रदेशात, नागपुरात. बुडालेल्या सट्ट्यापुढे हे उत्तर आम्हांस अधिक बोलके वाटते.

मराठीत 'पत' या एकाच शब्दात अब्रूही आहे आणि उधार मिळण्याची क्षमताही. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा बँकांचा परस्परांवरील विश्वास आटला. म्हणजे मोडली ती पतच. निर्देशांकांचे आकडे अर्थतज्ज्ञांनी वाचावेत. ती पत कोणी वापरली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे वाचण्याचे काम मात्र भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.