दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी फुकट मिळालेली नाही

मोरवा, मुर्धा, राई ही आपली गावं मिठागरांची. मिठागराचा हिशोब साधा असतो. ऊन जेवढं कडक, तेवढं मीठ लवकर पिकतं. म्हणजे कामाचा जोर आणि उन्हाचा जोर एकाच वेळी. वरून सूर्य, खालून पांढऱ्या मिठावरची तिरीप. भल्या पहाटे कामाला लागायचं आणि सूर्य डोक्यावर आला की सावली धरायची, हे आगरावर किंवा शेतावर राबणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मग मुंबईत गिरण्या आल्या. यंत्राला दुपार कळत नाही. उकाड्यात, वाफेत माणसं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभी. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते आपल्या ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी द्या आणि दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, या त्यातल्या मुख्य मागण्या. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवायचं कलम आलं.

पण हा कायदा कारखान्यापुरता. उघड्यावर राबणारा त्यात आलाच नाही. मिठागरातला मजूर, रस्ता खोदणारा, स्लॅब टाकणारा, गटार साफ करणारा, त्यांची दुपार आजही ठेकेदाराच्या मर्जीवर.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भातला माणूस म्हणेल, एवढं तर आमच्याकडे रोजचंच. पण आपण खाडीकाठचे. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनाऱ्यावर मात्र ३७ पासूनच.

आणि लक्षात घ्या, खारघरची ती माणसं नुसती बसलेली होती. ज्याच्या हातात कुदळ आहे किंवा जो बॅट घेऊन धावतोय, त्याचं शरीर आतूनही तापत असतं. त्यामुळे धडधाकट तरुणही कोसळतो. मे महिन्यात भर दुपारी टेनिस क्रिकेटच्या मॅचेस ठेवणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

पायात गोळे येणं, चक्कर, मळमळ हा पहिला इशारा. काम थांबवा, सावलीत बसवा, पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. राबणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांना विचारा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद, तसा नियमच आहे. मग आपल्याकडे का नको? महापालिकेने प्रत्येक कामाच्या निविदेत एप्रिल-मेसाठी १२ ते ४ काम बंद, सावली आणि पाण्याची अट घालावी. मंडळांनी सामने सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावेत.

लोखंडेंनी अर्धा तास मागितला, त्याला १४० वर्षं होऊन गेली. छपराखालच्याला तो मिळाला. उन्हातल्याला कधी मिळणार, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारा. पटलं तर पोस्ट पुढे पाठवा.