अंगठ्याची नक्कल करून खाते रिकामे होते कसे? बनावट ठसा ओळखणारे संशोधन आणि खातेदारांनी घ्यायची काळजी

गावात बँकेची शाखा नाही, एटीएम नाही, तरी सीएससी केंद्रावर किंवा बँक मित्राकडे अंगठा लावला की निराधार योजनेचे किंवा पीएम किसानचे पैसे हातात पडतात. या सोयीला आधार आधारित पेमेंट सेवा, म्हणजे एईपीएस म्हणतात. तिला तीनच गोष्टी लागतात: बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. वयस्कर आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांची यामुळे मोठी सोय झाली. चोरट्यांनीही नेमके हेच हेरले.

पिन चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून समोरचे बोट जिवंत माणसाचे आहे की रबराचे, हे मशीनला ओळखता येणे गरजेचे आहे. जगभरातले संगणक सुरक्षा संशोधक यावर वीस वर्षांहून जास्त काळ काम करत आहेत.

ठसा जातो कुठून?

खरेदीखत, गहाणखत अशा दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात आणि सोबत आधारची झेरॉक्सही जोडलेली असते. म्हणजे चोराला लागणारा ऐवज एकाच कागदपत्रात सापडतो. २०१८ मध्ये हैदराबादमध्ये पोलिसांनी एकाला पकडले. त्याने तेलंगणाच्या जमीन नोंदणी संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे उचलले होते. त्यांचे रबरी शिक्के करून त्याने दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डे चालू केली होती. पुढे हीच युक्ती खात्यातले पैसे काढण्यासाठी वापरली गेली.

दुसरा प्रकार त्याहून साधा आहे. "अंगठा लागला नाही, परत ठेवा" असे सांगून दोनदा पैसे काढायचे आणि खातेदाराला एकदाचेच द्यायचे.

संशोधकांनी काय शोधले?

जपानच्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतील त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जिलेटीनची बोटे तयार केली. गोळ्या-चॉकलेटात वापरतात तेच हे जिलेटीन. त्यांनी ११ प्रकारची ठसा यंत्रे तपासली आणि बहुतेक वेळा यंत्रे फसली. काचेवर उमटलेल्या ठशावरूनही नकली बोट बनवता येते, हेही त्यांनी दाखवले.

मग प्रश्न आला, खरे बोट ओळखायचे कसे? अमेरिकेतील स्टेफनी शुकर्स आणि सहकाऱ्यांनी घामाचा अभ्यास केला. जिवंत बोटाच्या रेषांवर बारीक छिद्रे असतात, त्यातून घाम येतो आणि काही सेकंदांत ठशाचे चित्र थोडे बदलते. रबराला घाम येत नाही.

२००९ पासून इटलीचे काग्लियारी विद्यापीठ आणि अमेरिकेचे क्लार्कसन विद्यापीठ 'लिव्हडेट' नावाची स्पर्धा घेतात. सिलिकॉन, जिलेटीन, लॅटेक्स अशा वस्तूंच्या नकली बोटांवर संशोधकांची सॉफ्टवेअर तपासली जातात. त्यातून एक धडा मिळाला: आधी पाहिलेली नक्कल सॉफ्टवेअर चांगली पकडते, पण नवीन वस्तू आली की चुका वाढतात. त्यामुळे हे काम एकदा केले आणि संपले असे होत नाही.

भारतात काय बदलले?

आधारचे काम पाहणाऱ्या यूआयडीएआयने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा तपासणीची नवी पद्धत जाहीर केली. नुसत्या रेषांच्या खुणा न जुळवता बोटाचे पूर्ण चित्रही तपासले जाते आणि बोट जिवंत आहे का ते पाहिले जाते. जुन्या एल-० मशीनऐवजी एल-१ मशीन आणली गेली. एल-१ मध्ये ठसा मशीनच्या आतच कुलूपबंद होतो, मग पुढे जातो. त्यामुळे मधल्या कॉम्प्युटरमधून ठसा चोरणे अवघड झाले.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये एईपीएस केंद्रचालकांची नीट पडताळणी करण्याचे निर्देश बँकांना दिले. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू आहेत.

कष्टकऱ्यांची अडचण

तपासणी कडक केली की नकली बोट अडकते, पण कधी खरेही अडकते. खुरपणी, ऊसतोड, बांधकाम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. सैल ठेवावे तर चोराचे फावते, कडक करावे तर म्हातारी माय केंद्रावरून रिकाम्या हाताने परत येते. म्हणूनच चेहरा आणि डोळ्यांची तपासणी हे पर्याय पुढे आले. पीएम किसानच्या ॲपवर २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते.

खातेदारांनी काय करावे?

- मायआधार संकेतस्थळावरून किंवा आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करावे. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. रेशन किंवा पैसे घ्यायला जाताना लॉक उघडून घ्यावे, नाहीतर अंगठा चालणार नाही.
- आधारची झेरॉक्स देण्याऐवजी जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.
- मशीनवर बोट ठेवण्याआधी रक्कम वाचून घ्यावी. अंगठा परत मागितला तर आधीचा व्यवहार फेल झाल्याची पावती मागावी.
- खात्याला मोबाइल नंबर जोडावा, पासबुक वेळोवेळी भरून घ्यावे. आधार कुठे वापरले गेले याची सहा महिन्यांपर्यंतची नोंद मायआधारवर दिसते.
- पैसे गेल्याचे कळताच १९३० वर फोन करावा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा खातेदाराची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर नुकसान खातेदारावर येत नाही. उशीर झाला तर काही भार खातेदारावर पडू शकतो. म्हणून आधी तालुक्याला जाऊन बँकेत तक्रार नोंदवावी, ठसा कुणी आणि कसा चोरला याचा शोध नंतर घ्यावा.