गोडसे भटजींची पायपीट

आमच्या कापड्यावरून महाबळेश्वरास मोटारी जातात. आतल्या मंडळींस गाव दिसते ते काचेतून. दोन दिवस हवा खाऊन ती परततात.

आपल्याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले, ते कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल म्हणून. हौस कसली! बहुतेक वाट पायी, मुक्काम लोकांच्या घरी. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच सापडले. इंग्रजांची कत्तल, लूट, पाण्याचे हाल त्यांनी झाशीकरांबरोबर सोसले. कमाई गेली, घरी आली गंगेची कावड. १९०७ साली छापलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ म्हणूनच आजही वाचवतो.

गिरणगावात सभेपुरते जात होतो, तोवर आम्हांस टाळ्याच ऐकू आल्या. चाळीत बिऱ्हाड केले, तेव्हा सावकाराचे तगादे ऐकू आले.