ओवीतलं ख्रिस्तपुराण

ओवी म्हटली की आमच्या कोल्हापूर भागात जातं आठवतं, नाहीतर देवळातली पोथी. पण घाट उतरून खाली गोव्यात गेलं, तर चारशे वर्षांमागं हीच ओवी ख्रिस्ती देवळातही गायली जायची.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेजुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तिकडं पैठणला एकनाथ महाराज हयात होते. ख्रिस्ती देवळातली मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्ये चालायची. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या कुळंब्याला त्यातलं काय कळणार? त्याच्या जुन्या पोथ्या तर हिरावून घेतलेल्या. स्टीफन्सनं मराठी शिकून दहा हजारांवर ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते गोव्यातच रायतूरला रोमन लिपीत छापलं. मिस्सा लॅटिनच राहिली. कथा मात्र लोकांच्या कानावर मराठीत पडू लागली.

पुढं १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं : तीन वर्षांत आपली बोली सोडा, पोर्तुगीज बोला. पण गोव्यातनं मंगळूरकडं गेलेल्या ख्रिस्ती घरांनी ह्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या गायल्या, हातानं उतरवून ठेवल्या. १९०७ साली पुराण पुन्हा छापलं गेलं, ते मंगळुरातच.

मिस्सेत लोकभाषेला मोकळीक मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली. आता मराठीत मिस्सा होते. साध्या माणसाला ओवीनं जे १६१६ सालीच दिलं, ते वेदीपर्यंत पोचायला साडेतीनशे वर्षं गेली. तोवर ते तगलं घराघरांतल्या गळ्यांवर.